शॉकअपवरचा आळ

आमच्या घरात गाडीच्या पुढच्या शॉकअपवर जेवढं बोलणं झालं, तेवढं आमच्या लग्नावरसुद्धा झालं नव्हतं. लग्न एका बैठकीत ठरलं. चहा झाला, पोहे झाले, मुलगी शाळेत शिकवते, मुलगा कारखान्यात जॉबर आहे, पत्रिका बघायची गरज नाही, झालं. शॉकअपचं मात्र वर्षानुवर्षं संपेना. पाहुणे आले की शॉकअप, जेवायला बसलो की शॉकअप. मी मराठी शिकवणारी बाई, पण आज मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी ऑइल सील कुठं बसतं ते सांगेन.

ज्यांनी कधी गाडीकडं वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत दोन नळ्या येतात, तेच पुढचं शॉकअप. नळीच्या आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. चाक खड्ड्यात गेलं की नळी नळीत शिरते, स्प्रिंग दबते, तेल तिला सावकाश वर येऊ देतं, आणि गचका तिथल्या तिथं जिरतो. बसणाऱ्याच्या अंगापर्यंत येत नाही. निदान येऊ नये, अशी अपेक्षा.

माझा नवरा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बंद पडला की त्याला बोलावतात. तो येतो, मान वाकडी करून आवाज ऐकतो, कुठला तरी नट आवळतो आणि माग पुन्हा खटखटायला लागतो. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, पण इथं लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार, एवढं तरी मला करू द्या. त्याचा सगळा धर्म एका वाक्यात मावतो: बिघाड आहे म्हणजे कुठंतरी नट सुटलेला आहे, आणि सापडत नसेल तर तू नीट बघितलं नाहीस. भाजी खारट झाली तरी त्याला कारण लागतं. मी म्हणायची, अहो, मीठ जास्त पडलं, एवढंच. तर म्हणायचा, पण का पडलं?

माझी शाळा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळली नाही. येताना मी वडापच्या, म्हणजे माणसं भरभरून नेणाऱ्या जीपमध्ये कोंबून घेऊन यायची, पण जाताना नवरा सोडायचा. मी साडी नेसून एका बाजूला बसायची, मांडीवर डबा आणि पिशवी, एक हात त्याच्या खांद्यावर. त्या वर्षी रस्त्याचं रुंदीकरण निघालं होतं. रस्ता उकरून ठेवला आणि ठेवूनच दिला. मुरूम, खडी, मध्येच अर्धवट पूल. माहेराहून आम्ही निघताना माझी अव्वा, म्हणजे आई, दर वेळी गाडीला हात लावून म्हणायची, "निधान, निधान." आमच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश. नवरा सावकाशच जायचा बिचारा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ते शॉकअप आधीच गळत होतं. नळीवरून तेलाचा ओघळ यायचा, त्यावर धूळ बसून काळी चिकट पट्टी झाली होती. तेल अडवणारं सील गेलंय, सुट्टी मिळाली की नवं टाकून आणतो, असं त्याचं चाललं होतं. कारखान्यात ऑर्डर होती, सुट्टी मिळत नव्हती. एके दिवशी सकाळी अर्धवट पुलापाशी गाडी खड्ड्यात गेली. आतलं तेल संपलेलंच होतं. नळी खालपर्यंत जाऊन ठक्क करून आपटली आणि माझे दात एकमेकांवर वाजले. त्यानं गाडी थांबवली, मागं वळून माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, काही नाही झालं, चला, प्रार्थना व्हायची असेल. खरंच काही झालं नव्हतं त्या वेळी.

आठवड्यानंतर पोट दुखायला लागलं आणि दवाखान्यातून आम्ही रिकामे परत आलो. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नवऱ्याला औषधं आणायला खाली पाठवलं आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून स्वच्छ सांगितलं. "गाडीमुळं झालेलं नाही. जे टिकणार नसतं ते घरी झोपून राहिलं तरी टिकत नाही. तुमच्याही हातात नव्हतं आणि कुणाच्याच हातात नव्हतं." मी मान हलवली. मला पटलं. पण पटण्यानं पोट भरत नाही. कुणाच्याच हातात नव्हतं, हे ऐकून मला धीर यायला हवा होता, तर उलट भीतीच बसली. पुढच्या खेपेलाही मग कुणाच्याच हातात नसणार की.

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला आत घेतलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्यात तशीच पद्धत. त्यांनी त्याच दिवशी निकाल लावला. म्हणाल्या, गचक्यानं गेलं. शेजारच्या बायका आल्या, त्याही म्हणाल्या, गचक्यानं गेलं, रस्ते का ते हायती. मी तोंड उघडणार होते. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते जिभेवर आलं होतं. तेवढ्यात अकलूजहून चुलत सासू भेटायला आल्या. चहाचा कप बशीत ठेवून त्यांनी आत्यांना हळूच विचारलं, हिच्या आईचं काय न्हवतं ना असलं, भयनीचं काय? म्हणजे बियाणं बघून आणलं होतं ना, असाच सूर. आणि आत्या फटकन म्हणाल्या, "तसलं काय न्हाई हां. पोर चांगली हाय माझी. गाडीचा गचका बसला, बास."

मी तोंड मिटलं. सांगते खरं खरं. त्या क्षणी मला कळलं की गाडीवर आळ आहे तोवर माझ्यावर नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी म्हण मी मुलांना शिकवते, वाक्यात उपयोग करा म्हणून सांगते. इथं घरातच उपयोग झाला. पखालीला डाग बसतोय तर बसू दे, म्हटलं. तिला कुठं पोट आहे.

नवऱ्यानं मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्याच रविवारी गाडी घेऊन तो सात रस्त्याच्या मागच्या बोळात त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री म्हातारे, दखनी बोलणारे, मला भाभी म्हणायचे आणि मी गेले की आधी स्टूल पुसून द्यायचे. दोघांनी मिळून जो विचार केला, तो सोलापुरातल्या कुठल्याही बोळात कुणीही केला असता. शॉकअप खाली टेकतंय म्हणजे ते मऊ आहे, मऊ आहे म्हणजे कडक करायचं. स्प्रिंगच्या डोक्यावर पाइपचा तुकडा कापून बसवायचा, तेल जाड घालायचं, की झालं. सगळे तसंच करतात. रस्ता खराब, माणसं तीन-तीन बसणार, वर पोतं, मग शॉकअप कडकच पाहिजे, ही इथली समजूत. माझ्या नवऱ्याला तेवढ्यानंही समाधान नव्हतं. मागावरही तो नट एक आटा जास्तच आवळतो. त्यानं जुन्या बाजारातून मोठ्या गाडीचं अख्खं शॉकअप शोधून आणलं. जाड नळ्या, जाड स्प्रिंगा, आणि त्यांच्यावरही पाइपचा तुकडा. आमच्या गाडीला ते बसेना, म्हणून लेथवर बुश, म्हणजे आत बसवायच्या कड्या, कातून घेतले, हँडलखालचा सांधा बदलला. रविवारमागून रविवार त्यात गेले.

गाडी तयार झाली तेव्हा तोंड वर करून उभी राहिली, लग्नात रुसलेल्या मामासारखी. नवरा हँडल दाबून दाखवत होता, बघ, जरा तरी दबतंय का? खरंच दबत नव्हतं. तेच तर चुकत होतं, पण तेव्हा ते ना त्याला कळलं, ना मिस्त्रींना, ना मला. खड्ड्यात आता नळी ठक्क करून आपटत नव्हती हे खरं, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा न् खडा हँडलातून त्याच्या मनगटात आणि गाडीच्या अंगातून माझ्या अंगात यायचा. मागं बसून माझा मणका खिळखिळा व्हायचा. मी एकदा म्हटलं, अहो, हे फार धडधडतंय. तर म्हणाला, कडक हाय ना, आता काय भ्यायचं कारण न्हाई. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा बरं वाटल्याचं दिसत होतं. मी मांडीवरची पिशवी सावरून बसले.

दुसऱ्यांदा दिवस राहिले. आत्यांनी चादरीची चौघडी करून गाडीच्या सीटवर बांधली. घरात चादरींना काय तोटा, सोलापूर आहे. नवरा गाडी अशी चालवायचा की सायकलवाली पोरं पुढं जाऊन मागं वळून हसायची. खड्डा आला की मी पोटावर हात ठेवायची आणि श्वास धरायची. कशासाठी धरायची? डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की याचा त्याचा संबंध नाही. मला ते माहीत होतं. तरी धरायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, मग ती काडी आहे हे ठाऊक असलं म्हणून काय हात सुटतो?

तेही गेलं. या वेळी तर गाडी कुठं आपटलीही नव्हती.

दवाखान्यातून मला घरी सोडल्यावर नवरा माडीवरच्या खोलीत आलाच नाही. मी खिडकीतून बघितलं. तो गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता, एक हात त्या जाड नळीवर ठेवून. आजारी जनावरापाशी माणूस बसतो तसा. मग उठला, पाने घेऊन आला आणि नळीवरचं टोपण खोलायला लागला. आत स्प्रिंगवर पाइपचा तुकडा दाबून बसवलेला, तिच्यात केवढा जोर भरलेला, हे त्याच्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं. कळत असणारच. पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटचा आटा सुटल्याबरोबर टोपण उडालं ते थेट त्याच्या हनुवटीवर. शर्ट रक्तानं भरला. मी खाली पळाले, पळायचं नव्हतं तरी पळाले. पदर दाबून धरला त्याच्या हनुवटीवर. तो म्हणत होता, मीच कडक केलं, मीच कडक केलं ते.

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. म्हणू दे. आत्या दारात उभ्या होत्या, शेजारीण गॅलरीत उभी होती. आणि दोघीही त्या शॉकअपकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

मधले दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शाळेत पटावरची पोरं मोजायची, घरी येऊन तारखा मोजायच्या. मला मूल हवं होतं. असं सरळ लिहिताना अजून लाज वाटते, जणू दुकानात मागतेय. पण हवं होतं, भूक लागल्यासारखं हवं होतं. वेळ अमावस्येला, पिकाच्या पूजेला, माहेरी शेतात गेलो तर कडब्याच्या खोपीत बसवून अव्वानं माझी ओटी भरली आणि भावजय तिच्या लेकराला माझ्यापासून जरा लांब घेऊन बसली. ती मुद्दाम नव्हती बसली, ऊन आलं होतं तिच्या अंगावर. पण मी आंबील तशीच ठेवून विहिरीकडं गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. नवरा तिथं आला. जवळ बसला. मग म्हणाला, "या खेपेला मी मऊ करतो बघ. कंपनीतनं येतं तसं. तवाच चुकलं माझं." मला इतका राग आला होता की त्याला विहिरीत ढकलावं, आणि इतकी माया आली की ढकलल्यावर आपणही उडी टाकावी.

तिसऱ्यांदा मात्र आत्यांनी आधीच जाहीर केलं, पोर गाडीवर बसणार न्हाई. डॉक्टरबाईंनी जपून राहा एवढंच म्हटलं होतं, त्याचं घरात झोपून राहा झालं. मी बिनपगारी रजा टाकली. पलंगाच्या पायाखाली विटा लावल्या. खायला हातात, प्यायला हातात. आत्या माझे पाय दाबायला बसायच्या, मी नको म्हणायची, तर म्हणायच्या, गप पड की, तुझं न्हाई दाबत, नातवाच्या आईचं दाबतीया. लई जीव लावला त्यांनी, खोटं कशाला बोलू.

मी गाडीवर बसणारच नव्हते, तर मग नवऱ्यानं शॉकअप कशाला करायचं? पण त्यानं त्याचंही उत्तर काढलं होतं. बाळ दवाखान्यातनं घरी आणायचं ते रिक्षातनं नाही, आपल्या गाडीवर. हा एकच हट्ट. त्यासाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमच्या गाडीच्या मापाच्या नव्या नळ्या आणल्या. नवी सील, नव्या स्प्रिंगा, वर कसलाही तुकडा नाही. हँडल ज्यावर फिरतं तो कोन सेटसुद्धा नवा. मिस्त्री म्हणाले, तेल अंदाजानं घालू, हाताला सवय आहे. यानं ऐकलं नाही. माझ्या टॉनिकच्या बाटलीवरचं मापाचं टोपण नेलं आणि दोन्ही नळ्यांत टोपणाटोपणानं सारखं तेल घातलं. ते टोपण नंतर मला सापडेना तेव्हा हे कळलं. मी आठवडाभर टॉनिक चमच्यानं घेतलं.

गाडी घरी आली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. हँडल दाबलं की खाली जायचं आणि सावकाश वर यायचं. तो मला खालून दाखवत होता, दाबत होता आणि सोडत होता. मी पलंगावरून हात हलवला.

मग त्यानं दह्याचं काढलं. आत्यांना म्हणाला, डब्यात दही लाव, घट्ट लाव. सकाळी तो विरजलेला डबा त्यानं सीटवर माझ्या जागी बांधला, खाली आत्यांची तीच चादर. आणि गेला अक्कलकोट रस्त्यानं, माझ्या शाळेपर्यंत जाऊन परत यायचं म्हणून. आत्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, येडं झालंय माझं पोरगं. पण त्याही दारातच उभ्या राहिल्या वाट बघत.

माझं पोट त्या दिवशी पहाटेपासून दुखत होतं. ओळखीचं दुखणं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होणार होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि जे जे देव माहेरी आणि सासरी मला सांगितले होते त्या सगळ्यांना कानडीत आणि मराठीत एकच मागत होते. राहू दे. एवढं राहू दे.

तो आला. जिन्यावरून धावत आला. माझ्यापुढं डबा धरून त्यानं झाकण काढलं. दही जसंच्या तसं होतं, वर साय, कुठं तडा नाही, कडेला पाणी सुटलेलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "बघ. फुटलं न्हाई. खड्ड्यातनं नेलं, त्या पुलावरनं नेलं. फुटलं न्हाई." आत्यांनी साखर आणली. आम्ही तिघांनी ते दही खाल्लं. मी वाटी पुढं करून आणखी मागून घेतलं, कारण तो माझ्या तोंडाकडं बघत होता. पोटात कळ येत होती आणि मी म्हणत होते, छान लागलंय.

दुपारी रिक्षा बोलवावी लागली.

दवाखान्यातून परत आलो. माझ्या पलंगाखालच्या विटा अजून तशाच होत्या. आत्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या, पण त्या तांदळाकडं बघत नव्हत्या. मग त्या बोलल्या. आवाजात राग नव्हता. मोठ्यानं विचार करावा तसं बोलल्या. "या खेपेला तर ती गाडीवर बसलीबी न्हवती."

मी डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांचं ते पांघरूण आता निघालं, असं वाटलं. आता चुलत सासू येणार, आईचं बघितलं होतं का, बहिणीचं बघितलं होतं का. आता आत्यांच्या नजरेत ते हळूहळू येणार, त्यांची इच्छा नसली तरी येणार. आणि नवऱ्याला तर नट सापडणारच, तो सापडल्याशिवाय थांबतच नाही. या खेपेला नट म्हणजे मी. मी वाट बघत होते की तो काय म्हणतो. माझं सगळं त्याच्या त्या एका वाक्यावर आलं होतं.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "गाडीच अपशकुनी हाय. दारात हुबी हाय तवर घरात काय टिकायचं न्हाई. उद्या इकून टाकतो."

आत्यांचा हात तांदळात थांबला. मग त्यांनी खोल श्वास सोडला आणि म्हणाल्या, व्हय, इक बाबा, पहिली ती काढ दारातनं. आणि तांदूळ निवडायला लागल्या. मी डोळे उघडून नवऱ्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. ज्या गाडीवर त्यानं सगळे रविवार घातले, टोपणानं मोजून तेल घातलं, जी पहिल्यांदाच बिनबोभाट चालायला लागली होती, ती तो विकायला निघाला होता.

घेणारा माझ्या शाळेच्या पलीकडच्या गावचा दूधवाला होता. दुधाचे कॅन हिंदकळत नाहीत अशी गाडी त्याला हवीच होती. गाडी पोचवायला निघताना नवरा खोलीच्या दारात येऊन म्हणाला, येतीस का? येताना वडापनं येऊ. मी उठले. आत्यांनी बघितलं, पण अडवलं नाही. आता अडवण्यासारखं काय राहिलं होतं? मी सीटवर हात फिरवला. चादर कुणीतरी काढून नेली होती.

गावाबाहेर पडल्यावर रसाच्या गुऱ्हाळापाशी त्यानं गाडी थांबवली. आम्ही लिंबाखाली बसलो. रस प्यायलो नाही, नुसते ग्लास धरून बसलो. मला आता राहवेना. काहीच गुन्हा नसलेली वस्तू तो माझ्यासमोर फासावर नेत होता आणि मी मुकाट मागं बसून चालले होते. मी म्हटलं, अहो, एक सांगायचंय. पहिल्याच खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, गाडीचा काही संबंध नाही. मी बोलले नाही तुम्हाला. तुम्ही एवढं करत राहिलात आणि मी बोलले नाही.

तो हनुवटीवरच्या त्या खुणेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मलाबी सांगितलंय त्यांनी. तवाच. औषधं घेऊन वर आलो, तर जिन्यात."

मी ग्लास खाली ठेवला. म्हटलं, मग हे सगळं कशासाठी केलंत? ते कडक, ते मऊ, ते दही?

"आईला कायतरी पाहिजे होतं की दोष द्यायला," तो म्हणाला. "आन मला... मला हातात धरायला कायतरी पाहिजे होतं. तुझ्या आत काय झालंय ते मला खोलता येत न्हाई. मग मी दुरुस्त काय करू?"

गुऱ्हाळाचा चरक फिरत होता. आमच्यात तेवढंच बोलणं झालं. तो उठला, ग्लास भरलेलेच परत दिले, किक मारली.

मी बसले. एका बाजूला, नेहमीसारखी, हात त्याच्या खांद्यावर. शाळेच्या अलीकडं तो अर्धवट पूल आला. रस्ता तसाच होता, खड्डा तसाच होता, उलट मोठाच झाला होता. नेहमी तो इथं गाडी एवढी हळू करायचा की पाय टेकावे लागायचे. त्या दिवशी त्यानं वेग कमी केला नाही. माझा हात सवयीनं पोटावर गेला. श्वासही धरला गेला. चाक खड्ड्यात उतरलं आणि वर आलं. मला काहीही कळलं नाही. ज्याची मी एवढे दिवस भीती घेतली, ज्यासाठी त्यानं हनुवटी फोडून घेतली, ते आता इतकं निर्धोक झालं होतं की भरला डबा हलला नसता. आणि माझा हात रिकाम्या पोटावर होता.

मी त्याच्या पाठीला तोंड लावून रडायला लागले, मोठमोठ्यानं, रस्त्यावरचे लोक बघत होते तरी.

त्यानं मान न वळवता विचारलं, "गचका बसला का गं?"

मी म्हटलं, "नाही."